कॉलेजचा वर्ग हायस्कूलच्या टाइमटेबलमध्ये आणा: चॅन्सलर सोनिया ख्रिश्चन यांना खुलं पत्र

आदरणीय सोनिया ख्रिश्चन मॅडम,
चॅन्सलर, कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेजेस

नमस्कार. या पत्राची इंग्लिश प्रत तुमच्या ऑफिसला मेल करतेय, मराठीत इथे टाकतेय कारण बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या मराठी आईबाबांनीही हे वाचावं असं फार वाटतं, आमच्यातल्या कित्येकांना ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजच्या कोर्सला नाव घालणं) म्हणजे काय हे मूल अकरावीत गेल्यावर कळतं आणि तेही कुणाच्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

माझं म्हणणं एवढंच आहे की हायस्कूलमध्ये, म्हणजे नववी ते बारावीत, असतानाच कॉलेजचं क्रेडिट मिळवायची जी सोय राज्याने केलीये ती खरंच सोन्यासारखी आहे, पण आज ती ज्याच्या घरी शोधाशोध करणारं, फॉर्मच्या मागे लागणारं कुणी आहे त्याच्याच पदरात पडते. बाकीच्यांना तिचा पत्ताच नसतो.

आधी सोय काय आहे ते आपल्या लोकांसाठी सांगते. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे कोर्स देणारी सरकारी कॉलेजं, आहेत. फी युनिटला ४६ डॉलर, आणि हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजं तीही माफ करतात. मुलगी दहावीत असताना तीन युनिटचा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स करू शकते, पास झाली की क्रेडिट तिच्या नावावर. एका सेमिस्टरचा कॉलेज कोर्स यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) ॲडमिशनसाठी हायस्कूलच्या अख्ख्या वर्षाइतका धरतात, आणि यूसीला ट्रान्सफर होणारा कोर्स असेल तर जीपीएमध्ये ऑनर्सचा जादा पॉइंटही मिळतो. एपीमध्ये, म्हणजे शाळेतच शिकवतात त्या कॉलेज पातळीच्या कोर्समध्ये, वर्षभर घासायचं आणि क्रेडिट मिळणार की नाही ते मे महिन्यातल्या एका पेपरवर ठरणार. इथे सेमिस्टरभर केलेलं काम मोजलं जातं, असाइनमेंट, क्विझ, प्रोजेक्ट सगळं. ज्या मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये घाम फुटतो त्यांच्यासाठी हे किती मोठं आहे ते आईबापच जाणतात.

तरी आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोक नाक मुरडतात. अहो, आपल्या महाराष्ट्रात दहावीनंतर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जाणारी मुलं आठवा, त्यांनाही सुरुवातीला कमीच लेखायचे आणि पुढे वर्कशॉपमध्ये तीच सगळ्यांना शिकवायची. आणि एच-फोर व्हिसावरच्या (इथे एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या) मुलांचा विचार करा, एकवीस वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही, फेडरल फायनान्शियल एड मिळत नाही, ग्रीनकार्डची रांग संपत नाही. अशा मुलाने बारावीपर्यंत वीसपंचवीस युनिट्स जमवले आणि पुढच्या कॉलेजने ते धरले तर डिग्री एखादं सेमिस्टर लवकर हातात पडते. ते एक सेमिस्टर त्या घरासाठी काय असतं हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा.

आता अडचण. मॅडम, तुमच्या सिस्टीममध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीने नाव घालायचं ठरवलं तर काय होतं ते मी माझ्या घरी पाहिलंय. आधी ऑनलाइन ॲप्लिकेशन, मग स्टुडंट आयडीची वाट, मग स्पेशल ॲडमिटचा, म्हणजे शाळेतल्या मुलांना कॉलेजात घ्यायचा, फॉर्म, त्यावर आईबापाची सही, शाळेची सही. शाळेच्या काउन्सेलरकडे शेकडो मुलं, तिची चूक नाही, पण तिची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत आठवडा जातो. मग फॉर्म अपलोड करा, कॉलेज म्हणतं सही नीट दिसत नाही, परत करा. हे सगळं झालं की कळतं रजिस्ट्रेशनमध्ये हायस्कूलच्या मुलांचा नंबर कायद्यानेच मागे, तोवर वर्ग फुल्ल. वेटलिस्टवर राहा, प्रोफेसरला ईमेल करा, वर्गात घ्यायचा ॲड कोड मागा, तो कोड अमुक तारखेच्या आत टाका नाहीतर गेला. आणि पुढच्या सेमिस्टरला हाच फॉर्म पहिल्यापासून. मी घरून काम करते, नवरा फॉर्म भरण्यात पटाईत, म्हणून आमच्या लेकीला वर्ग मिळाला. तिच्या मैत्रिणीची आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते, दिवसा झोपते, घरात इंग्लिश वाचणारी ती पोरगीच. तीही तेवढीच हुशार. तिचा फॉर्म सहीसाठी दप्तरात राहिला आणि डेडलाइन निघून गेली. वर्ग संध्याकाळी सहाला, बस दोन बदलायच्या, नाव लागलं असतं तरी ती गेली कशी असती?

आणि एक गोष्ट जी कुणीच नीट सांगत नाही. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ग्रेडची नोंद, कायमचं असतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला वाटलं की वर्गात जायचं बंद केलं म्हणजे कोर्स सुटला, त्याने ड्रॉप केलाच नाही, आणि पंधराव्या वर्षी नावावर एफ (नापास) लागला जो पुढे प्रत्येक कॉलेजला दाखवावा लागणार. तसंच हे क्रेडिट यूसी आणि कॅल स्टेट या राज्याच्या युनिव्हर्सिट्यांना चालतं म्हणून सगळीकडे चालेल असं नाही, कितीतरी प्रायव्हेट आणि बाहेरच्या राज्यातली कॉलेजं म्हणतात की हा कोर्स हायस्कूल ग्रॅज्युएशनसाठी मोजला गेलाय, मग आम्ही क्रेडिट देणार नाही. नाव घालायच्या आधी हे सांगायला हवं ना? पोरं मेहनत करतात, मग हातात काय येतं ते नंतर कळतं.

तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही खरं तर. तुम्ही स्वतः केरळमधून आलात, १९९१ साली बेकर्सफील्ड कॉलेजमध्ये गणित शिकवायला लागलात, पुढे तिथेच प्रेसिडेंट झालात. मॅकफारलंड, वास्को, डिलानो, जिथे शेतात राबणाऱ्या लोकांची मुलं शिकतात, तिथल्या हायस्कूलांमध्ये तुमच्या कॉलेजने वर्ग नेले. मुलांनी कॉलेजकडे यायचं नाही, कॉलेजने मुलांकडे जायचं. हे मला सगळ्यात पटतं. २०१५ चा असेंब्ली बिल २८८ नेमका यासाठीच आहे, सीसीएपी म्हणतात त्याला, शाळा आणि कॉलेज यांच्यात करार झाला की वर्ग शाळेतच, शाळेच्या वेळेत घेता येतात, फी नाही, पुस्तकांचा खर्च नाही, सेमिस्टरला १५ युनिटपर्यंत. २०१९ च्या कायद्याने सीसीएपीच्या मुलांसाठी पालकांनी एकदा दिलेली संमती पुढेही चालते. पण करार करायचा की नाही हे दोन्हीकडच्या मर्जीवर. म्हणजे कुठल्या शाळेच्या हद्दीत घर भाड्याने मिळालं यावर मुलाचं नशीब ठरतं, आणि बे एरियात घर कुठे मिळतं हे आपल्या हातात असतं का!

प्रत्येक मुलाने किमान १२ युनिट्स घेऊन हायस्कूलमधून बाहेर पडावं हे तुम्हीच ठेवलेलं ध्येय आहे. मग माझी विनंती अशी की प्रत्येक पब्लिक हायस्कूलला जवळच्या कॉलेजशी सीसीएपी करार करावाच लागेल अशी तरतूद व्हावी यासाठी तुम्ही विधिमंडळात जोर लावा, आणि त्यासाठी काउन्सेलर आणि शिकवायला माणसं लागतील त्याचे पैसेही मागा, नुसत्या हुकमाने शाळा हे करू शकणार नाहीत. एकदाच संमतीचा नियम सीसीएपीबाहेरून येणाऱ्या मुलांनाही लावा. आणि नववीच्या सुरुवातीलाच प्रत्येक घरी एक पान जाऊ दे, त्या घरच्या भाषेत, ज्यात कुठला कोर्स कुठे चालतो, ड्रॉपची तारीख काय, एफ आला तर काय होतं हे साध्या शब्दांत असेल. मराठीतलं पान मी लिहून देते, फुकट, आमच्या महाराष्ट्र मंडळातले आणखी चार जण मदतीला येतील. पंजाबी, तेलुगू, तमिळवाले पालकही आहेत आमच्या ओळखीत, विचारलंत तर तेही नाही म्हणणार नाहीत.

पुढच्या ऑगस्टमध्ये लेकीच्या मैत्रिणीचं बारावीचं वर्ष सुरू होईल, तिच्यासाठी अजून दोन सेमिस्टर शिल्लक आहेत. तिच्या शाळेत तोवर एक जरी वर्ग सुरू झाला, इंग्लिशचा किंवा स्टॅटिस्टिक्सचा, तरी मी स्वतः तुमच्या ऑफिसला येऊन आभार मानेन.

आपली,
फ्रीमॉन्टमधली एक मराठी आई