बाबूला इतक्यात परत आणू नका

मँचेस्टर,
रविवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार. आजीला आणि दादा-वहिनीलाही नमस्कार.

फोनवर सगळे एकदम बोलता, त्यात रेंज जाते, आणि बाबूचा विषय निघाला की दादाचा आवाज चढतो. म्हणून लिहून पाठवते आहे. वहिनी, संध्याकाळी सगळे असताना वाचून दाखव. दादा घरात असेल तेव्हाच.

मी अगदी बरी आहे. आई, मी बारीक झालेले नाही. बारा तासांच्या ड्यूटीवरून आल्या आल्या फोन केला की चेहरा ओढलेला दिसणारच. घरात हीटर आहे, बरोबरच्या मुली केरळच्या आहेत, सोलांऐवजी कुडंपुळी घालून बांगड्याचं कालवण करतात आणि ते छान होतं. रात्रपाळीहून मी एकटी येत नाही, दोघी-तिघी बरोबर असतो. आता याची काळजी पुरे.

बाबूला गोव्याहून परत आणायचं ठरत आलं आहे असं कळलं. मला कुणी विचारलं नाही, तरी मी सांगणार. जूनमध्ये फुटबॉल शिकायला तिथे राहायला गेलाय पोर, अजून दिवाळीही झालेली नाही.

इथल्या माणसांचं एक वागणं मला अजून उमगलेलं नाही. ते नीट सांगते, कारण त्याचा बाबूशी संबंध आहे. या शहरात फुटबॉलचे दोन मोठे संघ, एक लाल म्हणजे मँचेस्टर युनायटेड, एक निळा म्हणजे मँचेस्टर सिटी. आपला कोणता हे माणूस निवडत नाही, आपल्याकडे कुलदेवता येते तसा तो आजा-पणजापासून येतो. संघ हरो, खालच्या विभागात घसरो, तो सोडायचा नाही. वॉर्डात नवा पेशंट आला की सलाईन लावायला हात पुढे करता करता मला विचारतो, तू लाल की निळी? आणि हीच माणसं, जन्मभर संघ न बदलणारी, लागोपाठ तीन सामने हरले की मॅनेजरला काढा म्हणतात. मॅनेजर म्हणजे ऑफिसातला नव्हे हं बाबा. संघ निवडणारा, सराव घेणारा, कोणाला विकत घ्यायचं ते सांगणारा, सगळं तोच. मोसम ऑगस्टात सुरू होतो आणि ऑक्टोबरात आमच्या चहाच्या खोलीत त्याच्या जागी कोण यावा याची चर्चा चालते. नुकता आलेला खेळाडू असला तर त्याला तेवढाही वेळ मिळत नाही.

पण वॉर्डात एक म्हातारे आजोबा होते, लाल संघाचे. पलंगाच्या कठड्याला लाल मफलर बांधलेला, ड्रेसिंग बदलताना तेवढा धरून ठेवायचे. त्यांनी मला ॲलेक्स फर्ग्युसन यांची गोष्ट सांगितली. हे मॅनेजर 1986 च्या नोव्हेंबरात आले. 1989 च्या सप्टेंबरात शेजारच्या निळ्यांनी 5-1 असं हरवलं. डिसेंबरात तर प्रेक्षकांतूनच, तीन वर्षं नुसत्या सबबी झाल्या, आता निघा, अशा अर्थाचा फलक झळकला. त्या मोसमात संघ तेराव्या नंबरावर राहिला. तरी काढलं नाही. त्याच मोसमाच्या शेवटी एफए कप ही हरला की बाहेर अशी स्पर्धा जिंकली, मग 1993 मध्ये 26 वर्षांनी लीग, म्हणजे मोसमभर चालणारी मुख्य स्पर्धा, आणि 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत तेरा वेळा लीग. वाईट निकालांच्या त्या वर्षांत ते शाळकरी पोरं हेरत होते. पुढे मोठा खेळाडू झालेल्या रायन गिग्जला 1987 मध्ये घेतलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. नंबर बघणाऱ्याला हे काम दिसत नव्हतं. त्यांच्यानंतर डेव्हिड मॉयस आले, सहा वर्षांचा करार होता, दहा महिन्यांत काढलं. दहा वर्षं उलटून गेली तरी लीग पुन्हा आलेली नाही.

दादा, बाबूला पहिल्याच सामन्यात हाफ-टाइमला बाहेर बसवलं म्हणून तुला अपमान वाटला. पॅट्रिस एव्हरा म्हणून फ्रेंच बचावपटू होता. जानेवारी 2006 मध्ये याच लाल संघात आला, पहिलाच सामना शेजाऱ्यांशी, आणि त्यालाही हाफ-टाइमला काढलं. संघ 3-1 ने हरला. तोच पुढे 2014 पर्यंत राहिला आणि पाच वेळा लीग जिंकला. पुढे खेळणाऱ्या पोराला कोचने मागे बचावात टाकलं हीही तुझी तक्रार. गॅरेथ बेल लंडनच्या टॉटनहॅममध्ये डावा बचावपटू म्हणून आला. त्याचे लीगमधले पहिले 24 सामने असे गेले की तो खेळला आणि संघ एकदाही जिंकला नाही. मग त्याला पुढे खेळवू लागले, आणि 2013 मध्ये स्पेनच्या रिआल माद्रिदने विक्रमी रक्कम मोजून त्याला नेलं.

आणि आपला बाबू शिकला कुठे ते आठव. मांडवीच्या वाळूत, नाहीतर सड्यावर, अनवाणी. वाळूत चेंडू जागीच मरतो, कातळावर डोक्याएवढा उडतो. गोव्यात ओल्या आखूड गवतावर तो सरपटत येतो, बुटातल्या पायाला लागेपर्यंत निघूनही जातो. पाय नव्याने शिकवायचा. त्यातून बरोबरची पोरं लहानपणापासून एकत्र खेळलेली, कोण कुठे धावणार हे न बघता ओळखतात. कोकणीत ओरडून सांगतात ते याला कळतं, पण अर्धा क्षण उशिरा, आणि तेवढ्यात चेंडू गेलेला असतो. रात्री रडतो म्हणून त्याच्यात दम नाही असं नव्हे. मोठ्या क्लबांत नव्या खेळाडूला घर, मुलांची शाळा, डॉक्टर बघून द्यायला माणसं नेमलेली असतात. बाबूला तिथे कोण आहे?

मारहाण होत असेल, पोटभर मिळत नसेल, तर त्याच दिवशी आणा, मी एक शब्द बोलणार नाही. पण तसं नाही ना? मग दादाने महिन्यातून एका रविवारी म्हापशाच्या एसटीने जाऊन यावं. त्याचा सामना बघावा, कोचला विचारावं की याला मागे का ठेवलंय, आणि हरला तरी काही न बोलता त्याला मासे खायला घालावे. दर शनिवारी घरी मात्र आणू नका, घरापासून जीव पुन्हा तोडावा लागतो. मोसम संपू दे, मग ठरवा.

मला कसं कळतं, विचाराल. इथे पहिल्यांदा आले तेव्हा वॉर्डातल्या बायका बोलायच्या ते निम्मं कळायचं नाही, औषधाचं नाव दोनदा विचारावं लागायचं. त्या दिवसांत कुणी घरी ये म्हणालं असतं तर आले असते. बाबा, तुम्ही म्हणाला नाहीत.

चतुर्थीला माटवी बांधताना सगळ्यांचे फोटो पाठवलेत. बघितले. कामाचा दिवस होता, मागितली तरी सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वर्षीची आतापासून लिहून ठेवली आहे. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका, दिवाळीनंतरची तारीख घ्या. सिस्टरला मी फोनवर सगळं विचारीन.

पैसे सोमवारी पाठवते. त्यातून आधी माझ्या कर्जाचा हप्ता, मग बाबूची फी. बाबा, फीचे पैसे कौलांना लावू नका. कौलांचे वेगळे जानेवारीत पाठवीन. जास्तीच्या ड्यूट्या घेतल्या आहेत, त्या जड जात नाहीत.

कुडाळच्या स्थळाचं. मुलगा चांगला आहे, फोनवर बोललो, माझी ना नाही. पण दिवाळीत साखरपुडा नको. मेमध्ये येते आहे, तेव्हा घरच्या ओटीवर बसून समोरासमोर बोलू. त्यांना थांबायचं नसेल तर अडकवून ठेवू नका, आणि आई, तू त्यावरून जेवण सोडू नकोस.

बाबूला माझा नंबर पुन्हा द्या. रात्री कितीही वाजता केला तरी चालेल म्हणावं, इथे तेव्हा संध्याकाळ असते.

तुमची,
बाय