गुहांविषयी आईबाबांना पत्र

लीड्स, ९ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दादाने माझा चिखलाने माखलेला फोटो तुम्हाला दाखवल्यापासून फोनवर नीट बोलणेच होत नाही. बाबा पुन्हा पुन्हा "गडकिल्ले काय कमी होते?" असे विचारतात आणि आई गप्प राहते, त्या गप्प राहण्याचा अर्थ मला चांगला कळतो. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी गुहांमध्ये का जाते आणि तिथे काय करते, हे सविस्तर लिहून कळवते.

लीड्सच्या वायव्येला यॉर्कशायर डेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे आणि त्यात इंगलबरो नावाचा सुमारे ७२० मीटर उंचीचा डोंगर आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्या भागात कार्ले-भाजे-वेरूळ माणसाला छिन्नीने कोरावे लागले. इथला चुनखडक मात्र सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांतून उतरताना त्या रुंद करत जाते आणि हजारो वर्षांत त्या भेगांचे बोगदे, विहिरीसारखे खड्डे आणि दालने होतात. विशाखापट्टणमच्या सहलीत तुम्ही बोरा गुहा पाहिल्या, त्याही चुनखडकाच्याच. फरक इतकाच, की इथे आत पायऱ्या, दिवे आणि गाइड नसतात, आणि पाणी आजही आपले काम करत असते.

मी पहिल्यांदा गेले ती ग्रेट डाउक ही नवख्यांची गुहा आहे. तिचे तोंड एका लहान धबधब्याशेजारी आहे. तिथून आत चढले की ओढ्याच्या पात्रातूनच वरच्या दिशेने चालायचे असते. पाणी कुठे घोट्यापर्यंत, कुठे गुडघ्यापर्यंत, आणि शेवटी छत इतके खाली येते की बराच वेळ रांगावे लागते. आत बारा महिने आठ-नऊ अंश तापमान असते, त्यामुळे आत उबदार लोकरीसारखा एकसंध पोशाख, त्यावर जाड डांगरी, पायात गमबूट, गुडघ्यांना पॅड, डोक्यावर हेल्मेट आणि त्यावर दिवा अशी सगळी तयारी करावी लागते; शिवाय प्रत्येकाजवळ दुसरा दिवा असलाच पाहिजे. छतातून लोंबणाऱ्या चुन्याच्या नळ्या पेन्सिलपेक्षाही बारीक आणि आतून पोकळ असतात. त्यांना बोटही लावायचे नाही, हा नियम इथले लोक देवघरातल्या सोवळ्यासारखा पाळतात, आणि मला तो मनापासून आवडला. हिवाळ्यात इथे चार वाजता अंधार पडतो आणि डोंगरावर फिरणे संपते; गुहेला त्याचे काही देणेघेणे नसते, हेही एक कारण आहेच.

आता भीतीविषयी. खरा धोका पाण्याचा आहे, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. जून १९६७ मध्ये याच भागातल्या मॉसडेल गुहेत पावसाने ओढा फुगला आणि सहा तरुण बुडाले. ती हकिगत इथे प्रत्येक नव्या माणसाला सांगितली जाते. सांगलीत पूर येणार का, हे आपण डोक्यावरच्या आभाळावरून ठरवत नाही. कोयनेच्या पाणलोटात किती पाऊस झाला हे विचारतो आणि आयर्विन पुलाची पातळी पाहत बसतो. इथेही नेमके तसेच करावे लागते, फक्त कोयनेचे पाणी सांगलीला पोहोचायला जो वेळ मिळतो, तो इथे मिळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी वरच्या माळावर आदल्या दिवसांत किती पाऊस झाला आणि पुढच्या काही तासांत किती होईल हे पाहायचे, आणि शंका आली तर कोरडी गुहा निवडायची किंवा घरी बसायचे. मी ज्यांच्याबरोबर गुहांत जाते त्या आमच्या क्लबमध्ये बेत रद्द करणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मी हे लोक जवळचे मानले, त्यामागे हीच गोष्ट आहे.

बाबा, तुम्ही २०१८ च्या थायलंडच्या घटनेचा दाखला दिलात. बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पावसाच्या पाण्याने गुहेत अडकले होते, आणि पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्करांचे तज्ज्ञ गेले म्हणून आपल्याकडे किती कौतुक झाले होते, ते मला आठवते. पण त्या मुलांपर्यंत प्रथम पोहोचलेले दोघे ब्रिटिश पाणबुडे कोणत्याही सैन्यातले नव्हते. एक अग्निशामक दलातून निवृत्त झालेला आणि दुसरा संगणकक्षेत्रातला. दोघांनीही हे कौशल्य छंद म्हणूनच कमावलेले होते. इथल्या क्लॅपहॅम गावात १९३५ पासून गुहांमधल्या बचावाचे पथक आहे, आणि त्यातले सगळे बिनपगारी स्वयंसेवक आहेत. (माणसांबरोबरच ते खड्ड्यात पडलेली मेंढरे आणि कुत्रीही काढतात.) आत जाताना कोणती गुहा आणि किती वाजेपर्यंत बाहेर येणार हे आम्ही बाहेरच्या एका माणसाला सांगून जातो, त्या वेळेपर्यंत आमचा फोन आला नाही, तर तो पोलिसांमार्फत या पथकाला बोलावतो. विम्याचे तुम्ही विचारालच: क्लबमार्फत मिळतो तो आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास लागू होणारा आहे, म्हणून माझा स्वतःचा अपघात विमा मी वेगळा काढला आहे.

दोरावरून उतरणे आणि चढणे मी सध्या क्लबच्या हॉलमध्ये, छताला बांधलेल्या दोरावर शिकते आहे. मांड्या इतक्या दुखतात, की कळसूबाई परवडले.

तुम्ही मे महिन्याच्या अखेरीस येणार असाल, तर एक विनंती आहे. इंगलबरोच्या अंगावर गेपिंग गिल नावाचा सुमारे शंभर मीटर खोल खड्डा आहे आणि एक ओढा सरळ त्यात कोसळतो. १८९५ साली मार्टेल नावाचा फ्रेंच माणूस दोराच्या शिड्यांवरून पहिल्यांदा तळापर्यंत उतरला. आता मे अखेरच्या सुट्टीच्या सुमारास ब्रॅडफर्डचा क्लब तिथे विंच, म्हणजे दोर गुंडाळणारे यंत्र, लावतो, ओढ्याचे पाणी बाजूला वळवतो आणि कोणालाही खुर्चीत बसवून सुमारे मिनिटभरात खाली सोडतो. बाबांनी यावे, अशी माझी फार इच्छा आहे. मात्र तिथपर्यंतची चढण आईच्या गुडघ्याला झेपणार नाही. तिच्यासाठी त्याच वाटेवर, क्लॅपहॅमपासून जवळ, इंगलबरो केव्ह आहे: आत दिवे, बांधलेली वाट, सगळे आहे. वरच्या खड्ड्यातले पाणी तिच्याच शेजारी बाहेर पडते, आणि १९८३ मध्ये पाणबुड्यांनी दोन्ही गुहा आतून जोडल्या.

तिकिटे काढण्यापूर्वी तारखा मला कळवाव्यात, म्हणजे मला रजा घेता येईल. बाबांनी जुने बूट आणि जाड मोजे आणावेत. हेल्मेट आणि गमबूट इथे आहेत.

तुमची,
स्वाती