एआर-88 पुन्हा बोलता करायचा आहे : आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या हौशी रेडिओ मंडळाकडे आरसीए कंपनीचा एआर-88डी हा जुना कम्युनिकेशन रिसीव्हर (दूरचे रेडिओ संदेश ऐकायचा सेट) आला आहे. एका दिवंगत ज्येष्ठ सभासदांच्या कुटुंबीयांनी तो भंगारात न घालता मंडळाच्या स्वाधीन केला. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. अमेरिकेत 1941 पासून बनलेले हे सेट दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी मोठ्या प्रमाणावर वापरले. चौदा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या किंवा धातूच्या नळ्या), 535 किलोहर्ट्झपासून 32 मेगाहर्ट्झपर्यंत सहा बँड, आणि टेबलावर ठेवायचा तर दोन माणसं लागतील एवढं वजन!

सध्या हा सेट मुका आहे. दुरुस्ती अर्ध्यावर आली आहे आणि पुढचं काम आम्हाला एकट्यानं झेपणारं नाही.

आतापर्यंत काय सापडलं ते सांगतो. सेट थेट मेन्सला न लावता आधी सिरीज दिव्यावर (करंटला आवर घालायला मध्ये बल्ब जोडून) चालवला. आउटपुटच्या, म्हणजे स्पीकरला आवाज देणाऱ्या, 6के6 व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) ऋण व्होल्टेज हवं, तिथं मीटरनं धन दाखवलं. म्हणजे आधीच्या टप्प्याकडून येणारा कंडेन्सर लीक. असा कंडेन्सर लीक झाला की व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि सगळा ताण आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर येतो. इथं नेमकं तेच झालं, त्याची प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) जळून ओपन झाली, म्हणजे तुटली आहे. कंडेन्सर बदलून झाला. मग व्हॉल्यूम कंट्रोलवरून आवाज बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला दिला, तर 7 मेगाहर्ट्झवरच्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या गप्पा स्वच्छ ऐकू आल्या. सेटचा जीव शाबूत आहे, याची तेव्हा खात्री पटली.

वरचे दोन बँड मात्र गप्पच होते. ऑसिलेटरचा (सेटच्या आतच लहरी तयार करणाऱ्या भागाचा) 6जे5 व्हॉल्व्ह तिथं ऑसिलेशनच करत नव्हता. बीएफओलाही (मोर्स ऐकण्यासाठीच्या वेगळ्या ऑसिलेटरलाही) हाच व्हॉल्व्ह असतो, म्हणून दोघांची अदलाबदल केली. पाचवा बँड जागा झाला, सहावा नाही. बँडस्विचच्या संपर्कांवर आमचा संशय आहे.

आत ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर बसवून टाका, असा सल्ला काहींनी दिला. तो आम्हाला मान्य नाही. हॅम परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना सुपरहेट (आलेला सिग्नल ठरावीक मधल्या फ्रीक्वेन्सीवर आणणाऱ्या) रिसीव्हरचा प्रत्येक टप्पा मूळ रूपात, हात लावून शिकता यावा, यासाठीच हा खटाटोप आहे.

म्हणून सगळ्यात आधी हवा आहे तो जळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा (तार गुंडाळण्याचा) जाणकार कारागीर. लॅमिनेशन (आतल्या लोखंडी पट्ट्या) चांगली आहेत, त्यांवरच नवं वाइंडिंग करायचं आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) तयार ट्रान्सफॉर्मर मिळतील, पण मूळ जागी बसेल असा मिळणं कठीण. 6जे5, 6एसजी7 आणि 6के6 हे व्हॉल्व्ह कुणाच्या माळ्यावर पडून असतील तर तेही द्यावेत. 455 किलोहर्ट्झच्या आयएफ (मधल्या फ्रीक्वेन्सीच्या) अलाइनमेंटसाठी, म्हणजे जुळवणीसाठी, चांगला सिग्नल जनरेटर (हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल देणारं उपकरण) काही दिवस उसना हवा आहे. तो येईपर्यंत आयएफच्या स्क्रूंना कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं आहे.

पुण्याच्या परिसराला वायरलेसची परंपरा जुनी आहे. 1927 साली इंग्लंडशी बीम वायरलेस (एकाच दिशेनं लहरी सोडणारी बिनतारी संदेशसेवा) सुरू झाली ती खडकी आणि दौंडच्या केंद्रांतून. तारखातं, आकाशवाणी, नौदल किंवा सैन्याच्या सिग्नल्समध्ये व्हॉल्व्हचे सेट हाताळलेले निवृत्त काका-मावशी आजही आपल्यात आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी मंडळात यावं, खुर्चीवर बसून नुसतं सांगावं. डाग द्यायला (सोल्डरिंग करायला) मुलं तयार आहेत.

वाइंडिंग, कंडेन्सर आणि ओहममधलं मूल्य बदललेल्या रेझिस्टरच्या जागी नवे रेझिस्टर मिळून अंदाजे 25 हजार रुपये खर्च आहे. जमेल तेवढी रक्कम कार्यवाहांकडे द्यावी. पावती मिळेल आणि जमाखर्च फलकावर लावला जाईल.

एक कळकळीची विनंती: घरातला जुना सेट देणार असाल तर चालतो का हे पाहायला तो प्लगला लावू नका. जुने कंडेन्सर फुटतात, ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज साठून राहू शकतं. आहे तसाच द्या, आम्ही येऊन घेऊन जाऊ.

आपली,
कार्यकारिणी