तळहात पुढे करणाऱ्या पाळकसाहेबांना

पाळकसाहेब, सलाम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि आपल्या नगरकडची ओळखणारी माणसं ओळखतीलच. बाबांना जाऊन आज एकोणीस दिवस झाले. याआधी तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं, कारण त्यात आभार कमी आणि राग जास्त होता. याही पत्रात थोडा येईल. सांभाळून घ्या.

तुमच्या आधी आमच्याकडे खूप जण येऊन गेले. एक प्रार्थना गट तर दर शुक्रवारी यायचा. बाबांच्या कपाळाला तेल लावायचे, आजाराला मोठ्या आवाजात धमकवायचे आणि निघताना आईला स्वयंपाकघरात गाठून विचारायचे, "घरात कुणाचं कबूल न केलेलं पाप राहिलंय का?" अन्ननलिकेच्या कॅन्सरने नवरा घोटभर पाण्यालाही महाग झालेला, आणि ही बाई रात्ररात्र स्वतःची पापं आठवत बसलेली. त्यातल्याच एका भावाने मॉर्फीन बंद करायला सांगितलं. वधस्तंभावर खिळण्याआधी प्रभूने वेदना बधिर करणारा, बोळ नावाचा कडू डिंक मिसळलेला द्राक्षारस नाकारला होता ना, मग आपणही दुःख सोसावं म्हणे. दर चार तासांनी गोळी कुटून पोटातल्या नळीतून द्यायचो, ती बाबांनी दोन दिवस घेतली नाही. त्या दोन रात्रींबद्दल लिहिणार नाही.

आमच्या मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पाळक एकदा आले. उंबऱ्यातूनच प्रार्थना करून गेले. प्रार्थना छान होती. डॉक्टर शेवटपर्यंत "बघू" म्हणत राहिले.

मग तुम्ही आलात, मोटारसायकलवरून, धुळीने भरलेले. बसल्या बसल्या बाबांनी तुम्हाला विचारलं, "मी बरा होईन का?" आम्ही सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. तुम्ही म्हणालात, "नाही, गुरुजी." आणि पुढे काहीच बोलला नाहीत. आई रडली. बाबा मात्र शेवटचा पेपर देऊन आलेल्या पोरासारखे सैल झाले. इतके महिने ते आमच्यासाठी बरे होण्याचं नाटक करत होते, हे मला तेव्हा कळलं.

मॉर्फीनचंही तुम्हीच सोडवलंत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायात तोच प्रभू "मला तहान लागली आहे" म्हणतो आणि ओठांना लावलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतो, एवढंच तुम्ही दाखवलंत. चाळीस वर्षं मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, घेतलेल्या आमच्या बाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला पाठ असलेलंही आठवत नाही. मग त्यांनाच जोर चढला. खरखरत्या आवाजात म्हणाले, "प्रेषित पौलाने देहातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. नाही निघाला. त्याचा काय विश्वास कमी होता?" ते शुक्रवारचे लोक तेव्हा घरात असायला हवे होते!

येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराचा अध्याय तुम्ही वाचलात तेव्हा बाबा हसले होते, आठवतं? "येशू रडला." बायबलचं वचन पाठ करून या म्हटलं की आळशी पोरं हेच म्हणून दाखवायची, सगळ्यात लहान म्हणून. तुम्ही म्हणालात, "पण गुरुजी, तो रडला कशाला? पाच मिनिटांत तर उठवणारच होता त्याला." बाबा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाजर पुन्हा मेलाच असेल की एक दिवस." त्या रात्री त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की भीती वाटते. आणि हेही, की बरं होण्याची आशा सुटली तरी दुसरी अजून आहे, ती सुटत नाहीये.

पण हे पत्र मी ज्यासाठी लिहितेय ते वेगळंच आहे. प्रभुभोजनाच्या दिवशी तुम्ही भाकरीचा तांदळाएवढा कण द्राक्षाच्या रसात भिजवून चमच्याने बाबांच्या जिभेवर ठेवलात. तो उतरेना. ठसका लागला. खाटेखाली थुंकायचं भांडं होतं, पण प्रभूची भाकर त्यात कशी टाकायची? बाबा ओठ घट्ट मिटून तुमच्याकडे बघत होते. लाजेने त्यांचे डोळे भरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. तुम्ही त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरलात, लेकराच्या तोंडाखाली आई धरते तसा. "इथे, गुरुजी." कफ, रक्त, भाकर, सगळं तुमच्या हातावर आलं. तुम्ही मूठ मिटलीत आणि म्हणालात, "पोचलं." मग दुसरा हात उचलून आशीर्वाद पूर्ण केलात, आणि त्यानंतरच खिशातला रुमाल काढलात. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

असा हात शिकवून येत असेल असं मला वाटत नाही. बाबांचे कपडे धुणाऱ्या मावशींचा तसा होता, रात्री दोनला मॉर्फीन संपल्यावर शटर उघडणाऱ्या दुकानदाराचा होता. त्यांना एकही वचन येत नसेल.

बाबा पहाटे गेले. श्वास लांबत लांबत गेला, पुढचा आलाच नाही. आई घाबरली नाही. मला म्हणाली, "पोचले." तिने तो शब्द तुमच्याकडूनच उचलला होता.

रुमालाचं तुम्ही पुढे काय केलंत ते विचारायचं राहून गेलं. आई म्हणते, विचारू नकोस. येत्या रविवारी आम्ही दोघी तुमच्या देवळात उपासनेला येतोय. तिने तुमच्यासाठी पांढरे रुमाल घेतलेत. मी म्हटलं एक पुरे, तर म्हणाली, दुकानदार पाकीट फोडून देत नाही. सहा आहेत.