घोडा खरंच माघारी येत नव्हता

लातूर
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बंड्या,

तुझे दोन फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसता अंगठा टाकला. राग धरू नकोस. तुझ्याशी कुठून बोलायला सुरुवात करावी हेच पंधरा दिवस उमजत नव्हतं, आणि हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आई बरी आहे, गुडघे तसेच. माझी शुगर ठीक.

तर ऐक. 2013 च्या नेमबाजी स्पर्धेत तू म्हणत होतास ते खरं होतं. पिस्तुलाचा घोडा, म्हणजे ट्रिगर, गोळी गेल्यावर माघारी येत नव्हता.

धाकट्या पुतणीला जूनपासून आपलं तेच जुनं पॉइंट टू टू पिस्तूल दिलंय. पोरीची पकड तुझ्यासारखी, शेवटच्या गोळीपर्यंत ढिली होत नाही. पाऊस लागून राहिलेला, पत्र्यावर धो धो आवाज, आणि तिच्या दहा सेकंदांत पाच गोळ्यांच्या मालिका चालू होत्या. तीन गोळ्या गेल्या, चौथीला ट्रिगर मेला. मी मागून ओरडलो, "बोट पूर्ण सोड!" ती वळलीसुद्धा नाही, निशाणाकडे बघतच म्हणाली, "काका, बोट सोडलं की मी. घोडाच माघारी येईना."

बंड्या, शब्द न् शब्द तुझा. माझ्या हातातलं घड्याळ चालूच राहिलं.

मी पिस्तूल घेतलं, समोर धरून दाबलं, आणि गोळी गेली. त्या दिवशी तुझ्या लेनवर झालं अगदी तसं. आठवतं ना, रेंज ऑफिसरने बाकी कशालाही हात न लावता एकदाच ट्रिगर दाबला होता. त्यांचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे. गोळी गेली म्हणजे पिस्तूल चांगलं, म्हणजे आधीच्या गोळीनंतर तूच ट्रिगर पुरेसा सोडला नाहीस. तो बिघाड नेमबाजाच्या नावावर, आणि न गेलेल्या गोळ्यांना शून्य. बिघाड मान्य झाला असता तर मालिका परत मारता आली असती. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी मान हलवून त्यांच्या बाजूने झालो. मग परतीच्या एसटीत आपण लातूर येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. तू मात्र माझ्या वाट्याची भजीसुद्धा खाल्लीस, ते मी अजून विसरलेलो नाही.

पुतणीला मी सॉरी म्हणालो आणि पिस्तूल बाजूला काढलं.

आधी वाटलं घाण असेल. टू टू किती घाण करतं तुला माहीत आहे, शिसं, मेण, अर्धवट जळलेली दारू, आणि त्यात आपल्याकडची धूळ. आत जुनं तेल काकवीसारखं चिकट झालं होतं. सगळं धुतलं, तेलाचे दोनच थेंब दिले. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, पूर्ण बंद होते का पाहिलं, कारण ती केसभर जरी मागे राहिली तरी डिस्कनेक्टर ट्रिगरला सीअरशी, म्हणजे गोळी सोडणाऱ्या खटक्याशी, परत जोडत नाही. ती नीट बंद होत होती. ट्रिगरचा पहिला टप्पा कमी करायचा स्क्रू कुणी जास्त आवळला असेल म्हणून तो एक फेरा सैल केला. फरक नाही. ट्रिगरची स्प्रिंग आर्मररकडून, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून, बदलून आणली, सीअरला मी हात लावत नाही. दोन दिवस बरं चाललं, मग पाऊस आला आणि परत तेच.

शेवटी पुतणीनेच युक्ती काढली. चेंबर रिकामं, दोघांनी दोनदा बघितलेलं, आत ड्राय फायरचा, म्हणजे बिनगोळीच्या सरावाचा, प्लग. ट्रिगर दाबून धरायचा, स्लाइड ओढून सोडायची, मग बोट हळूहळू सोडत ट्रिगर माघारी आल्याची "टिक" ऐकायची. ती मोबाईलवर स्लो मोशन काढत होती. माझ्या हातात दर वेळी टिक यायची. मग तिने पिस्तूल घेतलं, मी मोबाईल धरला. बोट पुढे आलं आणि ट्रिगर मागेच राहिला. बोट आणि ट्रिगर यांच्यामध्ये फट दिसत होती रे! तिने मूठ जरा सैल केली, आणि टिक.

उजव्या बाजूची ग्रिप, म्हणजे मुठीची लाकडी फळी, काढली. आतल्या लाकडावर, ट्रिगर बार, म्हणजे ट्रिगरला आतल्या खटक्याशी जोडणारी पट्टी, सरकतो त्या खाचेच्या कडेला, करंगळीच्या नखाएवढा काळा चकचकीत पट्टा. बारवर त्याच जागी तसाच घासल्याचा डाग. ग्रिपशिवाय ट्रिगर फटाफट माघारी येत होता. ग्रिप बसवून स्क्रू आवळला की आळस. अर्धा फेरा सैल केला की परत मोकळा.

पावसात लाकूड फुगतं, घट्ट पकडीने ते आत दाबलं जातं आणि बारला अडवतं. सैल हाताने उचललं की सगळं सुरळीत. म्हणून तर त्या दिवशी ऑफिसरच्या हातात गोळी गेली. मधली सगळी वर्षं ते पिस्तूल उन्हाळी शिबिरातल्या नवख्या पोरांच्या हातात होतं, त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

आणि ती ग्रिप कुणाची? कंपनीची फुटली तेव्हा गंजगोलाईमागच्या सुताराकडून शिसवीची मीच करून घेतली होती. तुझ्या हाताचं माप घेऊन. खाच एवढी पुरे, असं मीच त्याला सांगितलं होतं. स्पर्धाही ऑगस्टमधली, तिथे पोहोचेपर्यंत आपण दोघं भिजलो होतो. तुझ्या बोटाला नाव ठेवलं, पण आपण केलेली मूठ उघडून बघावी असं मला एकदाही वाटलं नाही. तू नेमबाजी सोडलीस ती त्या दोन शून्यांमुळे नाही, मी मान हलवली म्हणून, हे मला तेव्हाही कळत होतं. तुला सांगितलं कधीच नाही.

बंड्या, मला माफ कर.

खाच आता रुंद केलीय, आत जवसाचं तेल तीन वेळा मुरवलंय. नंतर वजन लावून तपासलं, ट्रिगर एक किलोचं वजन न सुटता उचलतो. काल दिवसभर झड होती आणि पोरीने दहा सेकंदांच्या आठ मालिका मारल्या. चाळीसच्या चाळीस गोळ्या गेल्या.

तुझ्या नव्या फ्लॅटचं कळलं. पाण्याचं काय झालं, टँकरच का अजून? चिरंजीवांची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार, अक्कांना म्हणावं लोणचं पोहोचलं. सरांना यातलं काही सांगितलेलं नाही, आधी तुला सांगायचं होतं.

दिवाळीला येशील तेव्हा रेंजवर चल. तुला मारायचं नसेल तर मारू नकोस. नुसती ती ग्रिप उघडून दाखवतो, काळा पट्टा मी घासून काढलेला नाही.

तुझा,
मी

ता. क. पुतणी विचारत होती, हे आधी कुणाच्या लक्षात आलं होतं. तुझं नाव सांगितलं.