ब्राऊन एल किटबद्दल तक्रार: माल्ट नीट भरडलेला नाही, यीस्ट जुनं, आणि सपोर्ट म्हणतो पाणी खराब

नमस्कार,

ऑर्डर नंबर सब्जेक्टमध्ये टाकलाय. मराठीत लिहितोय कारण मंडळाच्या गणपतीत आपली ओळख झाली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की काही अडलं तर बिनधास्त मराठीत मेल करा, आणि दुसरं म्हणजे तुमच्या सपोर्टवाल्या मुलाशी इंग्लिशमध्ये मेलामेली करून आता डोकं उठलंय. काहीही विचारा, उत्तर एकच, तुमच्याकडचं पाणी.

झालं असं की तुमच्याकडून घरी बिअर बनवायचे, ब्राऊन एलचे (तपकिरी इंग्लिश बिअर) दोन ऑल-ग्रेन किट (तयार अर्क नाही, सगळं माल्टपासून) घेतले, प्रत्येकी २३ लिटरचे. कागदावर छापलंय साडेचार किलो मॅरिस ऑटर (मुख्य फिका माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली), ४०० ग्रॅम क्रिस्टल, २०० ग्रॅम चॉकलेट माल्ट (दोन्ही गडद, रंग-चवीसाठी), सगळं भरडलेलं, ओजी (ओरिजिनल ग्रॅव्हिटी, आंबवण्याआधीची घनता, म्हणजे साखर किती उतरली) १.०४६, अल्कोहोल ४.६ टक्के. पहिल्या किटमध्ये मला ओजी मिळाली १.०३४. आंबताना साखर संपते तसा हा आकडा उतरतो, पण तो १.०१६ वर जो अडकला तो तिथून हललाच नाही, म्हणजे हिशोबाने साधारण २.४ टक्के, आणि ग्लास नाकाजवळ नेला की भप्पकन बटरस्कॉच. ब्रिटिश ब्राऊन एलची ओजी १.०४० ते १.०५२ च्या आसपास असते, इथे तर तळसुद्धा गाठला नाही.

आता आकडेच बघा. मॅरिस ऑटरच्या एका किलोतून लिटरच्या हिशोबाने साधारण ३०० पॉइंट (१.०४६ म्हणजे ४६ पॉइंट) निघू शकतात, क्रिस्टल आणि चॉकलेट थोडे कमी, सगळं धरून तुमच्या किटमध्ये १५०० च्या आसपास पॉइंट आहेत. ४६ पॉइंट गुणिले २३ लिटर म्हणजे १०५८, म्हणजे तुम्ही ७० टक्के मॅश एफिशियन्सी (माल्ट गरम पाण्यात भिजवून, म्हणजे मॅश करून, त्यातली किती साखर निघते) धरलीय, ते ठीकच आहे, घरच्या भांड्यात तेवढी यायलाच हवी. मला मिळाले ७८२, म्हणजे ५२ टक्के. अठरा टक्के कुठे गेले हा माझा प्रश्न होता आणि त्यावर सपोर्टने जे काही सांगितलं ते एकेक करून बघू.

आधी म्हणे हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) गरम वॉर्टमध्ये (माल्टमधून निघालेलं गोड पाणी) बुडवला असेल. नाही हो, सॅम्पल २० डिग्रीला आणूनच मोजलं, आणि साध्या पाण्यात हायड्रोमीटर बरोबर १.००० दाखवतो. मग म्हणे मॅशचं टेंपरेचर चुकलं. ६६ डिग्रीला टाकला, तासाने ६५ होतं, भांड्याला रजई गुंडाळलेली. मग आलं पाणी. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊचं पाणी हार्ड आहे हे मला माहीत आहे, किटली बघितली की कळतं, चुनखडीतून येणारं पाणी आहे. पण ते पाणी फिक्या बिअरला त्रास देतं, ब्राऊनमध्ये क्रिस्टल आणि चॉकलेट माल्टची आंबटाई ती क्षारता खाऊन टाकते, लंडनला डार्क पोर्टर उगीच नाही फोफावली. आणि अंदाजावर कशाला जायचं, मी मॅशचा पीएच मोजला, ५.४ आला. ५.२ ते ५.६ च्या मधे असला की स्टार्चची साखर करणाऱ्या एन्झाइमना काही अडचण नसते, हे तुमच्याच बुकलेटच्या मागच्या पानावर लिहिलंय. सपोर्टने वाचलं नसावं.

मग क्लोरीन. क्लोरीन मारायची कॅम्पडेनची अर्धी गोळी आधीच टाकली होती, पण नसती टाकली तरी क्लोरीनचा वास हॉस्पिटलसारखा येतो, जखमेला लावायच्या औषधासारखा, बटरस्कॉचसारखा येत नाही. ही माहिती होमब्रूचं दुकान चालवणाऱ्यांना मी द्यायची का?

आता खरं कारण. मॅश झाल्यावर वॉर्टवर आयोडीनचा थेंब टाकला, रंग बदलला नाही, म्हणजे पाण्यात आलेल्या स्टार्चची साखर झालेली. मग चोथ्यातले थोडे दाणे घेऊन चमच्याने चिरडले आणि त्यावर थेंब टाकला तर काळंनिळं. स्टार्च तसाच दाण्याच्या आत बसलेला, पाणी तिथवर पोचलंच नाही. मग दुसऱ्या किटची पिशवी उघडली, मूठभर माल्ट पांढऱ्या ताटलीत पसरला आणि मोजायला बसलो (बायको म्हणाली तांदूळ निवडतोयस का), १०० दाण्यांपैकी २७ अख्खे. अख्खे म्हणजे टरफलाला चीरसुद्धा नाही. उरलेल्यातले बरेच नुसते दोन तुकडे झालेले. माझ्या आईने असलं दळण गिरणीवाल्याच्या अंगावर परत टाकलं असतं.

तुमच्या मिलच्या रोलरमधली गॅप वाढलीय हे उघड आहे. माझा अंदाज असा की बारीक भरडलं की पीठ होतं, स्पार्ज (चोथ्यावर गरम पाणी ओतून उरलेली साखर धुणं) अडकतो आणि गिऱ्हाइकं ओरडतात, म्हणून कोणीतरी गॅप मोठी करून ठेवलीय. अडकलेला स्पार्ज लगेच दिसतो, कमी ग्रॅव्हिटी ज्याच्याकडे हायड्रोमीटर आहे त्यालाच दिसते. हुशारी आहे, पण भुर्दंड आमच्या खिशाला.

याला पुरावा म्हणून दुसऱ्या किटचा माल्ट मित्राच्या मिलमधून १ मिलिमीटर गॅपवर परत काढला. तेच भांडं, तोच नळ, तोच ६६ डिग्रीचा मॅश, ओजी १.०४५. पाणी बदललं नाही, मी बदललो नाही, फक्त दाणा नीट फुटला.

बटरस्कॉचचं वेगळं. तो वास डायअॅसिटिलचा, तो यीस्टच बनवतं आणि धडधाकट यीस्ट असेल तर शेवटी तेच खाऊनही टाकतं. तुमचं यीस्ट पाण्यात भिजवल्यावर नुसतं बसून राहिलं, फेस यायला दीड दिवस लागला. शंका आली म्हणून रिकामं पाकीट कचऱ्यातून काढून बघितलं. त्यावर तुमच्या दुकानाचा स्टिकर आहे, किटचं नाव आणि पुढच्या वर्षीची बेस्ट बिफोर. तो नखाने सोलला तर खाली यीस्ट कंपनीने छापलेली मूळ तारीख, ती मी ऑर्डर देण्याच्या आधीच उलटून गेलेली. दुसऱ्या किटमधल्या पाकिटावरही तेच. फोटो जोडलेत, स्टिकरसकट आणि स्टिकर काढून.

तरी मी टेंपरेचर २१ वर नेऊन वाट बघितली, म्हटलं उशिरा का होईना यीस्ट साफसफाई करेल, काही फरक नाही. टेस्टही केली, एका बरणीतलं सॅम्पल झाकण लावून गरम पाण्यात ६० डिग्रीला वीस मिनिटं ठेवलं, दुसरं तसंच, दोन्ही थंड करून हुंगले, गरम केलेल्यात वास आणखी उग्र. म्हणजे अजून बनायचं बाकीच होतं. दुसऱ्या किटला दुसरीकडून ताजं यीस्ट आणून टाकलं, ते १.०११ पर्यंत खाली आलं, वास नाही, अल्कोहोल साडेचारच्या जवळ, आणि खरं सांगतो बिअर छान झालीय. रेसिपी चांगली आहे हो तुमची, म्हणून तर जास्त चीड येते.

अजून दोन गोष्टी, यात माझं नुकसान झालं नाही पण कोणाचं तरी होईल. सपोर्टने मला लिहून दिलंय की ग्रॅव्हिटी कमी येत असेल तर उकळतं पाणी वापरा आणि जास्त वेळ स्पार्ज करत राहा. अहो, पाणी ७७-७८ च्या वर गेलं आणि शेवटचं पातळ वॉर्ट पिळत बसलं की टरफलातलं टॅनिन उतरतं आणि बिअर अशी तुरट होते की जीभ टाळ्याला चिकटते. आधी माल्ट नीट भरडायचा नाही आणि मग त्याच्यावर हा उपाय सांगायचा! दुसरं, बुकलेटमध्ये लिहिलंय सातव्या दिवशी बाटलीत भरा. हायड्रोमीटर बघा असं कुठेही नाही. तुमचं हे मेलेलं यीस्ट सातव्या दिवशी १.०२० ला होतं, तशीच साखर घालून बाटल्या भरल्या असत्या आणि नंतर यीस्टला जाग आली असती तर काचा उडाल्या असत्या. सलग दोन-तीन दिवस रीडिंग तेच आलं की मग भरा, एवढं एक वाक्य टाकायला काय जातं?

मला हवंय ते असं. पहिल्या किटचे पूर्ण पैसे परत, शिपिंगसकट. दुसऱ्या किटच्या यीस्टचे पैसे परत. कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे माल वर्णनासारखा आणि समाधानकारक दर्जाचा असायला लागतो, "भरडलेला" लिहून एक चतुर्थांश दाणा अख्खा आणि तारीख झाकलेलं यीस्ट, हे दोन्हीत बसत नाही. तो विषय मला तिथपर्यंत न्यायचा नाही, पण तारखेवर स्टिकर लावणं ही चूक नाही, ती कोणीतरी बसून केलेली गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला माहीत आहे की नाही हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

उत्तर प्लीज तुम्ही स्वतः द्या, सपोर्टकडे फॉरवर्ड करू नका. थोडा न वापरलेला माल्ट आणि दोन्ही पाकिटं जपून ठेवलीत, बघायची असतील तर पाठवतो, पोस्टेज तुमचं.

कळावे,
स्लाऊहून तुमचा (अजून तरी) ग्राहक