पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळींसाठी

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

प्रबंध दाखल झाला. हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. पण प्रबंधावर गाइड म्हणून तुमचं नाव नाही, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याची नोंद कुठल्याच कागदावर होणार नाही. म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे.

तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा 'पुढे काय करणार?' हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. त्याचं वाईट वाटलं नाही, त्यांना माझी काळजी होती. वाईट वाटलं ते विभागाच्या आत. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ आणि सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या पत्रव्यवहारावर लिहायचं आहे, असं मी म्हटलं. तेव्हा ज्यांच्याकडे माझं काम होतं ते म्हणाले, "पत्रं म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे. देकार्तवर लिही, तिला तळटीपेत घे." तरीही मी तिच्यावरच सव्वीस पानांचं प्रकरण लिहून दिलं. तीन महिन्यांनी ते परत आलं. पहिल्या पानावर लाल शाईत एकच शब्द होता, 'वरवरचं'. पुढची पानं उलटलीच गेली नव्हती. स्टेपलच्या कोपऱ्यावर एकही घडी पडलेली नव्हती. चूक दाखवली असती तर मी ती रात्रभर बसून सुधारली असती. पण न वाचताच नाकारलेल्या पानांचं माणसानं काय करायचं? त्या आठवड्यात मी अभ्यास सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं.

तेच प्रकरण मी तुमच्याकडे आणलं. तुम्ही माझ्या गाइड नव्हतात, मला वाचणं तुमच्या कामाचा भाग नव्हता. चार दिवसांनी पानं परत मिळाली. अकराव्या पानाच्या समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तुम्ही विचारलं होतं, 'तुम्हाला हे म्हणायचं आहे का?' त्याखाली चार ओळी होत्या.

आधी त्या 'तुम्हाला'बद्दल. दोन वर्षांत मला विभागात कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी त्या शब्दाकडे कितीतरी वेळ बघत बसले होते.

आणि त्या चार ओळी. एलिझाबेथनं मे १६४३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, देकार्तला पहिलं पत्र लिहिलं आणि विचारलं, की आत्मा जर फक्त विचार करणारं द्रव्य, म्हणजे स्वतंत्र अस्तित्व असलेलं तत्त्व, असेल तर तो शरीराला हालचाल कशी करायला लावतो? पाठ्यपुस्तकं याचा सारांश 'इतकी भिन्न द्रव्यं एकमेकांवर परिणाम कशी करणार?' एवढाच करतात. पण तिचं म्हणणं याहून नेमकं आहे. वस्तू हलते ती धक्क्यानं, ढकलण्याच्या रीतीनं किंवा ढकलणाऱ्याच्या पृष्ठभागाच्या गुणानं नि आकारानं. पहिल्या दोन्हींना स्पर्श लागतो, तिसऱ्याला विस्तार, म्हणजे जागा व्यापणं. देकार्तच्या आत्म्याला विस्तार नाही, आणि विस्तार नसलेल्याचा स्पर्श होणार तरी कसा? मला दिसत होतं, की ती त्याचीच भौतिकी त्याच्या तत्त्वमीमांसेसमोर, म्हणजे आत्मा नि शरीर मुळात काय आहेत या त्याच्या सिद्धांतासमोर, ठेवते आहे. पण सव्वीस पानांत हे मी एकदाही सरळ लिहिलं नव्हतं. ते तुम्ही लिहिलंत. दोन आधारविधानं, एक निष्कर्ष आणि चौथ्या ओळीत, 'म्हणून हा आक्षेप बाहेरचा नाही, त्याच्याच घरातला आहे.' माझा युक्तिवाद माझ्यापेक्षा चांगला मांडून तुम्ही तो मलाच परत दिलात.

मी धावत तुमच्या खोलीत आले आणि म्हणाले, "मॅडम, तिसरी ओळ नको." तुम्ही निष्कर्ष लिहिला होता, 'आत्मा शरीराला हलवू शकत नाही.' मी म्हटलं, ती हे कुठेच म्हणत नाही. ती नाकारत नाही, विचारते. तुम्ही पत्र पुन्हा काढलंत, आवाज न करता शेवटपर्यंत वाचलंत, खोडरबरनं ती ओळ पुसलीत आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "बरोबर. मग तुम्ही लिहा."

माझी सगळी कृतज्ञता त्या पेन्सिलीत आहे, मॅडम. मी लिहिलं, 'म्हणून हे कसं घडतं याचा हिशेब देकार्तनं त्याच्याच नियमांनी द्यायला हवा.' पुढचा अख्खा प्रबंध त्या ओळीतून आला.

आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडतात, मग उत्तर देतात. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं, 'वाद म्हणजे काय' यावर उत्तरंही लिहिली होती. पण समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नीट मांडायला किती नम्रता लागते, हे मला त्या समासात कळलं. एरवी आमच्या सेमिनारमध्ये खोडून काढणाराच हुशार ठरायचा. दोन मिनिटांत एखाद्याला गप्प केलं की बाकीचे मान डोलवायचे. 'तुला हे म्हणायचं आहे का?' असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

देकार्तही सगळ्यांशी सारखा वागला नाही. 'मेडिटेशन्स' १६४१ मध्ये छापताना त्यानं आक्षेप आधीच मागवून उत्तरांसह पुस्तकात घातले, ही केवढी मोठी गोष्ट. तरी त्यात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जला त्यानं तुटक उत्तरं दिली आणि फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ आर्नोला मन लावून. एलिझाबेथला मात्र त्यानं पहिल्याच उत्तरात मान्य केलं, की माझं छापलेलं लेखन वाचून विचारावा असा सर्वात रास्त प्रश्न हाच आहे, आणि मन-शरीराच्या संयोगाबद्दल मी जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. त्याच्या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही. जूनमध्ये तिनं लिहिलं, की विस्तार नसलेली वस्तू शरीर हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे हे मानणं मला सोपं वाटतं. तरी पत्रं थांबली नाहीत, १६४९ पर्यंत चालली. १६४४ चं 'प्रिन्सिपल्स ऑफ फिलॉसॉफी' त्यानं तिला अर्पण केलं. तिच्या बाजूची पत्रं मात्र १८७९ पर्यंत छापली गेली नव्हती. दोनशेहून अधिक वर्षं लोक उत्तरं वाचत होते, प्रश्न नाही. हे वाचलं तेव्हा मला त्या न उलटलेल्या पानांची आठवण झाली, आणि राग आला. तो अजून गेलेला नाही.

तुमच्याशी मी पुढेही कितीदा असहमत झाले. जूनच्या त्या पत्रात ती देकार्तला खरंच पर्याय देते आहे की फक्त त्याची अडचण दाखवते आहे, यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. तुम्ही तुमचं मत सोडलं नाहीत आणि माझं मला सोडायला लावलं नाहीत.

अकरावं पान माझ्याजवळ आहे. पेन्सिल आता फिकट झाली आहे, पण वाचता येते.

प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे. तिसऱ्या प्रकरणातलं शेवटचं विधान मला अजून कच्चं वाटतं. त्या पानाचा समास मी जरा रुंद सोडला आहे.

तुमची विद्यार्थिनी